तोंडदेखलं आवतण

लातूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी महादेवप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, हवा सोडली, पुन्हा भरली आणि मग पट्टा गुंडाळत म्हणाले, "मोतीबिंदू चांगला पिकलाय. पण एवढा बीपी घेऊन आलात तर मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी बीपी उतरवा, मग या."

"उतरवतो की," महादेवप्पा म्हणाले. जणू बीपी म्हणजे माळ्यावर ठेवलेलं पोतं होतं.

उदगीरला परतताना एसटीतच मुलाचा, अमरनाथचा, हैदराबादहून फोन आला. "आप्पा, पोळ्यापर्यंत वाट बघू. डोळे झाले तर ठीक. न्हाईतर दुकान बंद करू अन् मोबाईलचं टाकू. कव्हरं लई खपतात."

"बैलाला कव्हर लागत न्हाई."

"म्हणून तर म्हणून राहिलो," अमरनाथ म्हणाला.

महादेवप्पांचं दुकान बैलाच्या साजाचं. कासरे, मोरक्या, वेसणी, रंगीत गोंडे, आणि छताला लटकलेल्या घुंगरमाळा. वारा सुटला की सगळं दुकान एखाद्या खिल्लारी जोडीसारखं मान हलवायचं. वडलांच्या हातचं दुकान, वर घर. पण गेल्या पोळ्याला महादेवप्पांनी एकाच जोडीला दोन मापांच्या मोरक्या दिल्या होत्या. एका बैलाची गळ्यात उतरली, दुसऱ्याच्या नाकावर चढेना. शेतकरी मोरक्या परत द्यायला आला तेव्हा बैलही बरोबर घेऊन आला होता, म्हणजे भर बाजारात पंचनामा झाला. आणखी एक पोळा असा गेला असता तर कव्हरं आलीच असती.

म्हणून महादेवप्पा गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. डॉक्टर वर्षाराणी ही त्यांच्या चुलतभावाचीच लेक.

"काका, गोळ्या घेऊन राहिलात का?"

"हाव."

"मीठ कमी केलं?"

"हाव."

महादेवप्पांचं हे 'हाव' फार जुनं होतं. ते दिलं की समोरचा पुढच्या प्रश्नाकडे जातो, एवढाच त्याचा उपयोग. वर्षाराणीही पुढे गेली.

"मग हा राग हाय. तुम्ही दिवसभर कुणावर न कुणावर चिडलेले असता."

"मी न्हाई चिडत. लोक चिडवतात."

"काका, मी सांगते ते करा. रोज एका माणसाचं काहीतरी भलं करा. दुसऱ्यासाठी काही केलं की जीव सैल होतो, बीपी खाली येतो. ह्यावर शिकले-सवरलेल्यांनी लिहून ठेवलंय. मी लातूरला ह्याच्यावर भाषण देणार हाय."

"गोळी वाढवून दिली तर?"

"भलं करा," ती म्हणाली आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पांनी भलं करायला घेतलं. एका शेतकऱ्यानं कासरा पाहिला आणि रीतीप्रमाणे भाव निम्म्यावर आणून मागितला. महादेवप्पा म्हणाले, "न्या."

"न्या म्हणजे?"

"न्या म्हणजे न्या. तुमच्या मनासारखं होऊ द्या."

शेतकऱ्यानं कासरा ताणून पाहिला. नाकाशी नेऊन हुंगला. मग बाहेर जाऊन सोबतच्याला हळूच म्हणाला, "आप्पानं घासाघीस केली न्हाई. माल कुजका दिसतोय." कासरा जागेवर ठेवून दोघं निघून गेले. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की महादेवप्पाच्या दोऱ्या भिजल्यात. रात्री त्यांच्या कानशिलाची शीर अशी उडत होती की बायकोनं, गुरम्मानं, नुसत्या डोळ्यांनी बीपी मोजला असता.

दुसरं भलं त्यांना जेवताना सुचलं.

दुपारी गुरम्मा वरच्या खिडकीतून टोपली खाली सोडायची. टोपलीला दुकानातलाच कासरा. टोपलीत ज्वारीच्या भाकरी, मिरची-लोणच्याच्या भरवशावर अळणीच केलेली पुंडीची नाहीतर शेपूची भाजी, ताक, तळलेले पापड, लिंबाचं लोणचं आणि दह्यामिठात मुरवून उन्हात खडखडीत वाळवलेली, तेलात काळी तळलेली सांडगी मिरची. महादेवप्पा जेवायला भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्याला कारण होतं. आपल्याकडे जेवणाऱ्यानं दारावरून जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणायचं असतं, आणि जाणाऱ्यानं पाय न थांबवता 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणायचं असतं. म्हणणाऱ्याला पुण्य, ऐकणाऱ्याला मान, आणि भाकरी जागच्या जागी. पण तेवढाही धोका नको म्हणून महादेवप्पा जन्मभर भिंत बघत जेवले होते.

आता त्यांच्या ध्यानात आलं की जगात ह्याहून सोयीचं भलं नाही. तोंडानं करायचं, तोंडानंच फिटायचं. त्यांनी पाट उचलला आणि रस्त्याकडे फिरवला.

वरून गुरम्माचा आवाज आला, "आवो, भिंत पडली का काय?"

"का?"

"तोंड इकडं कसं?"

"डाक्टरीन म्हणली."

त्या दिवसापासून रस्त्यानं जो जाईल त्याला महादेवप्पा 'या जेवायला' म्हणू लागले. लोक दचकायचे, मग हसून 'होऊ द्या आप्पा' म्हणायचे. माणसं नीट दिसत नव्हती, पण हलणारा आकार कळायचा, आणि आवतणाला चेहरा लागतोच कुठं. एकदा एका पांढऱ्या आकाराला ते तीनदा 'या' म्हणाले. आकार बोलेना, हलेना. शेवटी तो हंबरला. पण एकंदरीत बरं चाललं होतं. छातीतली गाठ जरा सैल झाली आहे असं त्यांना वाटू लागलं.

मग एका दुपारी आणखी एक पांढरा आकार समोरून आला.

"या जेवायला," महादेवप्पा म्हणाले आणि घास तोंडात घातला.

आकार थांबला. 'होऊ द्या' आलं नाही.

"मला म्हणून राहिलात का, आप्पा?"

तो आवाज ऐकून महादेवप्पांनी मोडलेला पुढचा घास परत ठेवला. समोरचे शेषेराव होते. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचे दुकानदार. दोन दुकानांच्या मध्ये एक रस्ता होता आणि कितीतरी वर्षांचा अबोला होता. एका पोळ्याला शेषेरावांनी नवाकोरा ट्रॅक्टर सजवून, त्याला हळदकुंकू लावून, महादेवप्पांच्या दारावरून मिरवत नेला होता. ट्रॅक्टरच्या गळ्यात घुंगरमाळ होती. ट्रॅक्टरला घुंगरमाळ घातली ह्याचं महादेवप्पांना एवढं वाटलं नव्हतं. ती दुसऱ्याच्या दुकानातून आणली, हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं होतं.

आता अन्नावर बसून 'तुम्हाला न्हाई म्हणलो' म्हणणं शक्य नव्हतं. आणि वर खिडकीत गुरम्मा होती.

"बसा," महादेवप्पा म्हणाले. तो शब्द त्यांनी असा काढला जसा पायातला काटा काढतात.

"अन्नाला न्हाई म्हणू न्हाई म्हणत्यात," म्हणत शेषेरावांनी चपला काढल्या.

शेषेरावांची बायको नातवाला सांभाळायला पुण्याला लेकाकडे गेली होती ती तिकडेच राहिली होती. हा माणूस खानावळीची पातळ आमटी पिऊन दिवस काढत होता. त्यांनी पहिला घास घेतला, सांडगी मिरचीचा तुकडा मोडला, आणि चावता चावता थांबले. मग मान वर करून खिडकीकडे पाहत म्हणाले, "वैनी, ही मिरची घरची का?"

वर कासरा जरासा हलला.

"हाव," गुरम्मा म्हणाली.

"एक नंबर झालीय. आमची आई करायची तशी. दह्यात किती मुरवली?"

"चांगली मुरू दिली. मधनं मधनं हलवायची." तिचा आवाज जरा खाली वाकला. "ऊन पडलं न्हाई तर मऊ पडते बघा."

"तेच म्हणलो. कडक कशी एवढी."

महादेवप्पा दोघांच्या मधे बसून भाकरी चावत राहिले. लग्नाला उभा जन्म झाला होता आणि मिरचीवर एवढं बोलता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. बोलणं संपेपर्यंत मिरच्याही संपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टोपली जड आली.

"हे काय?"

"पाहुण्याचं."

"कोन पाहुणा?"

"येतील की," गुरम्मा वरून म्हणाली.

आणि शेषेराव आले. ते तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी येताना आपला पाट घेऊन आले. गुरम्मा आता सकाळपासून गुणगुणत असायची. जात्यावरच्या ओव्या तिला सासूकडून आल्या होत्या, पण त्या कितीतरी दिवस तिनं पिशवीत बांधून ठेवलेल्या ठेवणीतल्या लुगड्यासारख्या ठेवल्या होत्या. आता खाली दुकानात कासऱ्यांचे पीळ घालताना महादेवप्पांच्या कानावर ओळी यायच्या:

सरलं माझं पीठ, उरली एक मूठ,
दारी बसला पाहुणा, त्याला म्हणू कसं ऊठ.

"तू म्हणू नको. मी म्हणतो," महादेवप्पा पुटपुटायचे. पण म्हणायचे नाहीत.

गोष्ट तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण निवृत्त मास्तर गुरुबसप्पा रोज त्याच वेळी देवळातून परत यायचे. एक दिवस ते दारात उभे राहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "महादेवप्पा, आम्ही तुमचे नात्यातले. रोज तुम्ही 'या' म्हणून राहिलात, रोज आम्ही 'होऊ द्या' म्हणून राहिलो. अन् शेषेरावाला तुम्ही खरंच वाढून राहिलात. म्हणजे आम्हाला आवतण तोंडदेखलं होतं का?"

ह्याला उत्तर एकच होतं, आणि ते खरं असल्यामुळे देता येत नव्हतं.

"बसा मास्तर," महादेवप्पा म्हणाले.

मग बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेले दोघं-तिघं बसले. गुरम्मानं पिठाचा डबा मोठा घेतला आणि कासरा बदलून जाड लावून मागितला. पाहुण्याला आधी वाढायचं हा घरचा नेम. टोपली खाली यायची, मिरच्या शेषेरावांकडे जायच्या, लोणचं मास्तरांना लागायचं, पापडाचा आवाज चारी बाजूंनी यायचा. महादेवप्पांपर्यंत वाटी पोचेपर्यंत तिच्यात देठं उरायची. ते ताकात भाकरी कुस्करायचे, अळणी शेपूशी खायचे आणि आतल्या आत धुमसायचे.

"आप्पा, तुम्ही काहीच घेतलं न्हाई," शेषेराव शेवटची मिरची मोडत म्हणायचे.

"होऊ द्या," महादेवप्पा म्हणायचे.

बीपी आता कुठपर्यंत गेला असेल ह्याचा विचारही त्यांना सहन होत नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन लांबत चाललं, पोळा जवळ येत चालला, आणि अमरनाथनं फोनवर काचेच्या कपाटाचं माप विचारलं. शेवटी एका दुपारी महादेवप्पांनी निश्चय केला. त्यांनी पाट उचलला आणि पुन्हा भिंतीकडे फिरवून बसले.

शेषेराव आले. क्षणभर थांबले. मग त्यांच्या पाठीला पाठ लावून रस्त्याकडे तोंड करून बसत म्हणाले, "हे बरं केलं, आप्पा. जागा झाली. या मास्तर, या जेवायला."

भल्या कामाची त्या दिवशी हद्द झाली. महादेवप्पा हात धुऊन थेट वर्षाराणीकडे गेले. दंड पुढे करून म्हणाले, "मोज. अन् जे असंल ते सांग. दुकान गेलंच म्हण."

वर्षाराणीनं पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. भुवया वर केल्या आणि दुसरा दंड मागितला. तोही मोजला.

"काका, उतरला."

"काय?"

"बीपी. एकदम बरोबर हाय."

"मशीन बघून घे."

"मशीन नवं हाय." तिचा चेहरा उजळला होता. "बघा, म्हणलं होतं का न्हाई? लोक म्हणून राहिलेत, महादेवप्पाच्या दुकानात रोज पंगत बसते. भलं केलं की जीव सैल होतो. काका, मी भाषणात तुमचं नाव घेऊ का?"

"कसला सैल," महादेवप्पा म्हणाले. "रोज जीव जळून राहिला. माझ्या ताटातली मिरची तो शेषेराव खातो, लोणचं मास्तर खातो, पापड कोन खातं दिसत बी न्हाई. मी रोज नुसतं ताक-भाकरी अन् अळणी भाजी खाऊन राहिलो."

वर्षाराणीचं पेन थांबलं.

"म्हणजे मिरची बंद?"

"लोकांनी केली."

"लोणचं, पापड?"

"बघायला बी मिळत न्हाई."

"पण मीठ कमी केलं का म्हणून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही 'हाव' म्हणला होता."

"ते तवा म्हणलो होतो," महादेवप्पा म्हणाले. "आता झालं."

वर्षाराणीनं पेनाला टोपण लावलं. मग उठून दार लोटून आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काका, एवढं एक करा. हे माझं भाषण होईपर्यंत कुणाला सांगू नका."

महादेवप्पांनी ते मान्य केलं. त्यांच्या मते आजवर केलेल्या भल्या कामांत हे त्यातल्या त्यात बिनखर्चाचं होतं.

ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून काही दिवस ते वर पडून राहिले, पंगत तेवढी मोडली, आणि गुरम्मानं दुकान उघडं ठेवलं. मग एका सकाळी ते खाली उतरले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. घुंगरमाळेतला घुंगरू न् घुंगरू सुटा दिसत होता. गोंड्यांचे रंग पहिल्यांदाच रंगवल्यासारखे. त्यांनी दोन मोरक्या उचलल्या, एकमेकींवर धरल्या. सारख्या होत्या. त्यांनी अमरनाथला फोन लावला. "कव्हरं तूच ईक तिकडं," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी टोपली खाली आली. पाट रस्त्याकडे होता. समोरच्या दुकानातून शेषेराव निघाले, आणि महादेवप्पांना ते सगळेच्या सगळे दिसले. केस पांढरे झाले होते. सदऱ्याचं एक बटण गेलं होतं आणि तिथं टाचणी होती. चालताना डावा पाय ओढत होता. अबोला धरला तेव्हा हा माणूस तरणा होता. मधली सगळी वर्षं महादेवप्पांनी बघितलीच नव्हती, आणि त्याला मोतीबिंदू कारण नव्हता.

शेषेराव पायरीशी येऊन थांबले. चपला काढल्या नाहीत. आज पाटही आणला नव्हता.

"दिसून राहिलं म्हणं आता."

"हाव."

"समदं?"

"समदं."

"मी बी?"

"तुम्ही बी."

शेषेरावांनी मान हलवली. "बरं झालं. त्या दिवशी दिसत नव्हतं म्हणून तुम्ही 'या' म्हणला होतात, ते मला ठावं होतं."

"ठावं होतं?"

"त्याच्या आधी एकदा तुम्ही गाईला म्हणून राहिला होतात. मी दुकानातून बघितलं." ते जरासे हसले. "तरी बसलो. खानावळीचं लई दिवस झालं होतं. चालतो. होऊ द्या तुमचं."

ते वळले. महादेवप्पांनी टोपलीवरचं फडकं काढलं, पुन्हा टाकलं. 'या जेवायला' हे दोन शब्द त्यांनी एवढ्या लोकांना वाटले होते की आता हाताशी एकही नीट उरला नव्हता.

"शेषेराव," ते म्हणाले, "भाजी थंड होऊन राहिली."

शेषेराव थांबले. वळून पायरीशी आले. मग त्यांनी चपला काढल्या.

टोपलीत भाकरी होती, दोडक्याची भाजी होती, ताक होतं. मिरचीची वाटी नव्हती. लोणचं नव्हतं, पापड नव्हता. शेषेरावांनी टोपली हलवून पाहिली.

वरून गुरम्मा म्हणाली, "वर्षाराणी येऊन गेली सकाळी. तुमचं मीठ जन्माचं कमी म्हणून सांगितलं." मग जरा थांबून, "अन् भाऊजी, परवा तुम्हाला तपासलं, तवा तुमचा बी बीपी लई वाढलाय म्हणली. मिरचीनं. मला आधी ठावं असतं तर."

"असू द्या वैनी," शेषेराव म्हणाले.

दोघांनी घास घेतला. दोडक्यात मीठ इतकं कमी होतं की दोडका आपल्या मूळ स्वभावावर गेला होता. दोघं चावत राहिले.

"कसं झालंय?" वरून आवाज आला. रोजचा प्रश्न, आणि रोज त्याला शेषेराव उत्तर द्यायचे. आज शेषेरावांनी तोंड उघडलं, आणि काही न सापडून पुन्हा घास घातला.

महादेवप्पांनी मान वर केली. खिडकीत गुरम्मा वाकून बघत होती. एका हातात कासरा, कपाळावर चुलीचा घाम, आणि चेहऱ्यावर नव्या सुनेसारखी धाकधूक. हा चेहराही त्यांना आजच दिसत होता.

"एक नंबर," महादेवप्पा म्हणाले. "रोज असंच करत जा."

खिडकीतला चेहरा आत गेला. भांड्यांचा आवाज झाला.

"आप्पा," शेषेराव अगदी हळू म्हणाले, "आता रोज असंच यील की हो."

"हाव," महादेवप्पा म्हणाले. हे 'हाव' खरं होतं.

कासरा हलला. टोपली डुलत डुलत पुन्हा खाली आली. तिच्यात वाटीभर दोडका होता आणि वर एक गरम भाकरी, कुणी न मागता वाढलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मुकाट्यानं जेवू लागले.